पट्टे नसलेली खुर्ची

आवाज अगदी लहान झाला. नारळ घेताना त्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहावं, तेवढाच. वर्तकनगरच्या नाक्यावर एक हातगाडीवाला आपल्याच तंद्रीत आडवा आला, गणेशने ब्रेक दाबला, फियाट जागच्या जागी थबकली आणि नीलाच्या मांडीवरचा चौदा महिन्यांचा पोपट तिच्या दोन्ही हातांमधून पुढे गेला. त्याचं कपाळ डॅशबोर्डाला लागलं. घडलं ते इतकंच. पोपट आधी गप्प राहिला, मग त्याने लांब श्वास ओढला आणि मग असं भोकाड पसरलं की हातगाडीवालासुद्धा तंद्रीतून जागा झाला. कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ आलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, पोपटने ती बॅटरीच धरली, आणि डॉक्टर हसून म्हणाले, "मजेत आहे. उलटीबिलटी झाली तर घेऊन या." उलटी झाली नाही. पोपट हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पाळण्यातलं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ऐकलेला प्रत्येक शब्द तो अर्धामुर्धा परत म्हणायचा, म्हणून आजीने त्याचा पोपट केला आणि तेच चिकटलं. त्या रविवारी संध्याकाळपर्यंत तो गॅलरीत उभा राहून चिमण्यांना ‘तिऊ, तिऊ’ करत होता. घरातली सगळी माणसं झालेलं विसरायला मोकळी झाली होती, एकटी नीला सोडून.

सासूबाई, म्हणजे विमलाबाई, वाईट नव्हत्या. टेंगळावर त्यांनीच साखर दाबून धरली, दृष्ट काढली, हातगाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण त्याआधी, दारातून पोपटचं कपाळ दिसताक्षणी, त्या एक वाक्य बोलून गेल्या होत्या. "लक्ष कुठे होतं तुझं?" कोणीही बोललं असतं. नीला स्वतः दुसऱ्या एखाद्या बाईला बोलली असती. पण ते वाक्य तिच्या आत जाऊन बसलं, घशात माशाचा काटा बसावा तसं. गिळताना टोचे. कारण लक्ष होतं. अगदी पोपटवरच होतं. त्याच्या झबल्याचं वरचं बटण निसटलंय हे ती पाहत होती आणि दोन्ही हातांची कडी त्याच्या पोटाभोवती घट्ट होती. कडी उघडली कधी, ते तिच्या हातांना कळलंच नाही. धुणं पिळताना, पोळी लाटताना ती आपल्याच हातांकडे बघत राहायची. हे हात तिचे होते. वागळे इस्टेटमधल्या औषधाच्या कारखान्यात दिवसाला दीड हजार बाटल्यांची बुचं तपासणारे, कधी एक बाटली न फोडलेले. आणि त्या दिवसापासून तिला पोपटला मांडीवर घेववेना. तो दोन्ही हात पसरून यायचा, ती त्याला उचलायची आणि लगेच खाली, सतरंजीवर ठेवायची. आपण हे करतोय हे तिला दोन दिवसांनी कळलं, आणि ती घाबरली. कारण असं करणारी एक बाई तिने जन्मभर पाहिली होती. ती तिची आई.

खुर्ची घरात होतीच, हा त्यातला मोठा विनोद. गणेशची बहीण सरस्वती अमेरिकेत असते. तिकडे म्हणे गाडीत अशी खुर्ची बसवलेली दाखवल्याशिवाय इस्पितळातून बाळ घरी नेऊ देत नाहीत. पोपट झाल्याचं कळल्यावर तिने कोणाच्या तरी सामानातून ती पाठवून दिली. निळ्या गादीची, पाठीशी उंच, दोन्ही बाजूंना कानशिलांना आधार. तेव्हा घरात गाडी नव्हती. मग राजसिंहासन हॉलमध्ये मांडलं गेलं. पोपट त्यात बसून खिमटी खायचा, पाहुणे त्याला त्यात बसवून फोटो काढायचे, आणि पोपट झोपला की तीत विमलाबाई लसणीच्या माळा नाहीतर विणकामाची पिशवी ठेवायच्या. चार महिन्यांपूर्वी गणेशने जुनी फियाट घेतली, तरी खुर्ची आणि गाडी यांचा एकमेकींशी काही संबंध आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. खुर्ची घरची आणि गाडी रस्त्यावरची. गाडीत बसायचं तर मांडी होतीच की.

सोमवारी कामावरून आल्यावर नीलाने खुर्ची उलटी केली आणि तिला बुडाशी एक खाच दिसली. खाचेत दुमडलेला कागद होता, वर्षभर कोणी न उघडलेला. इंग्रजी होतं, पण चित्रं होती. खुर्ची मागच्या सीटवर ठेवायची, पुढे कधीच नाही. वर्षाच्या आतलं मूल असेल तर तोंड मागे करून, पुढे वाढलं की समोर. पट्टा इतका घट्ट की खांद्यापाशी एकच बोट आत जावं. जाड स्वेटर घालून बसवू नये, पट्टा सैल पडतो. आणि शेवटच्या चित्रात एक आई होती. गाडीत बसलेली, मांडीवर बाळ, दोन्ही हातांची कडी. त्या आईवर तांबडी फुली मारली होती. नीला ते चित्र कितीतरी वेळ पाहत राहिली. आईच्या मांडीवर फुली! खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ते तिने शब्दन् शब्द जुळवून तीनदा वाचलं. धक्का बसला की बाळाचं वजन कितीतरी पटींनी वाढतं आणि मग जगातला कोणताही माणूस, कितीही बळाचा, त्याला हातांत धरू शकत नाही. धरू शकत नाही. तिला रडू आलं, आणि ते दुःखाचं होतं की सुटकेचं, हे तिला सांगता आलं नसतं. कागद हातात घेऊन ती स्वयंपाकघरात गेली.

"आई, या खुर्चीचे पट्टे कुठे आहेत?"

विमलाबाई मेथी निवडत होत्या. "पट्टे? ते मी कापले की गं. दिवाळीच्या आधी. वरण सांडून सांडून नुसता वास मारायला लागले होते, आणि पोराच्या मांडीला काचायचे ते वेगळंच. वळ उठलेले मी पाह्यले. लागले कात्रीने कापायला. चिवट मेले, विळीवर धरून कापले शेवटी."

"मग आता कुठे आहेत?"

"देवरुखला, गावच्या घरी. अंथरुणांचा होल्डॉल बांधला ना मी त्यांनी. असा मजबूत बसला, बघ, तिकडचे लोक फार खूश. तिथेच राह्यले." नीलाचं तोंड पाहून त्या थांबल्या. "का गं? पोराला बांधून ठेवायचंय की काय? वासरू आहे ते? आमची चार मांडीवरच वाढली. एस्टीतनं, बैलगाडीतनं, डोंगरावरनं. एकाला ओरखडा नाही."

पुढच्या रविवारी शहाडला जायचं होतं. गणेशचे वडील नोकरीला लागले तेव्हा हे कुटुंब शहाडच्या कंपनीच्या चाळीत राहत होतं. उल्हास नदीच्या काठी, लहानशा शंकराच्या देवळापाशी गणेशचं जावळ काढलं होतं, तेव्हा नातवाचंही तिथेच काढीन असं विमलाबाई बोलून गेल्या होत्या. जावळ आधीच लांबलं होतं. वर्तकनगर ते शहाड, कळवा-मुंब्र्यावरून, शिळफाट्याला वळून, कल्याण ओलांडून. रस्ता सगळा ट्रकांचा. एवढा रस्ता पोपट कोणाच्या तरी मांडीवर बसून जाणार होता, आणि मांडीवर फुली होती. गणेशने कागद उलटसुलट पाहिला. तो भला माणूस होता, बायकोचं मन राखणारा. पण त्याला सगळ्या गोष्टी हसण्यावारी नेल्या की सुटल्यासारख्या वाटत. "अगं, तिकडच्या गाड्या शंभराने पळतात. आपली साठावर गेली तर दारं निखळतील," तो म्हणाला. मग जरा गंभीर होऊन, "आणि पट्टे आणलेस तरी खुर्ची गाडीला कशाने बांधणार? मागच्या सीटला पट्टाच नाहीये." हे मात्र खरं होतं.

मंगळवारी कामावरून सुटल्यावर नीला ठाणे स्टेशनाजवळ स्कूटरच्या सामानाच्या दुकानांमधून फिरली. एका दुकानात दाराशी लहान मुलांच्या सीट टांगल्या होत्या. वेताच्या, लोखंडी सळीच्या, फुलाफुलांच्या रेक्झिनच्या. दुकानदाराने एक काढून काउंटरवर ठेवली. "ही घ्या भाभी, पुढे हॅण्डलच्या मागे लागते. पोरगा मस्त हवा खात जातो."

"ब्रेक मारला तर?"

"हॅण्डल पकडतो ना."

"सव्वा वर्षाचं पोर?"

दुकानदाराने सीट परत खिळ्याला अडकवली. "देव बघतो, भाभी," तो म्हणाला, आणि त्यात त्याचीही काही चूक नव्हती. बाहेर रस्त्यावर संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात स्कूटरी चालल्या होत्या. पुढे उभा मुलगा, मागे तिरकी बसलेली आई, आईच्या मांडीवर तान्हं, तान्ह्याच्या टोपीचा गोंडा वाऱ्यावर. एकामागून एक. सगळ्या आया आपापल्या हातांच्या कडीवर पूर्ण विश्वास ठेवून चालल्या होत्या. नीलाला वाटलं, या सगळ्या पाण्यावरूनच चालल्यात. खाली डांबर नाहीच, खाडीचं संथ करडं पाणी आहे, आणि कोणालाच ते दिसत नाहीये. ती किती वेळ फूटपाथच्या कडेला उभी होती कोण जाणे. एका रिक्षावाल्याने "कळवा? कळवा?" म्हणून विचारलं आणि तिने मान डोलावली.

तिचं माहेर कळव्याचं, खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं. पूल ओलांडताना खारा, कुजकट, ओळखीचा वास आला, आणि वासाबरोबर दोरी आली. कमरेभोवतीची दोरी. तीन-चार वर्षांची असल्यापासून बाप तिला होडीत घेऊन जायचा आणि चढल्या चढल्या तिच्या कमरेला दोरी बांधायचा. दुसरं टोक आडव्या फळीला. बाकीची पोरं काठाकाठाने उड्या मारत, निवट्या माशांमागे चिखलात धावत, आणि हिला बघून ओरडत, "बकरी आली, बकरी आली!" तिला मरणाची लाज वाटे. पण खरं सांगायचं तर, भरतीचं पाणी होडीला हळूच उचलायचं, दूर मिठागरांवर पांढरे ढीग उन्हात तळपायचे, बाप वल्हं मारता मारता काहीबाही गुणगुणायचा, आणि दोरी पोटाशी अशी ऊबदार लागायची की तिचा डोळा मिटायचा. पाण्यावर इतकी गाढ झोप तिला पुढे कधीच लागली नाही. ती दोरी बाप अशा गाठीने बांधायचा की पोर कितीही ओढलं तरी गाठ आवळतच जायची. आणि बाहेर लोंबणारं आखूड टोक खेचलं की एका हिसक्यात सगळं मोकळं. "होरी पालथी झाली तं सोरवायला वेल नसतो," एवढंच तो सांगायचा. आई होडीतच असायची. दुसऱ्या टोकाला. तिने नीलाला होडीत कधी मांडीवर घेतलं नाही. जमिनीवरही नाही.

का, ते नीलाला बाराव्या वर्षी शेजारच्या गोदूबाईने सांगितलं. नीलाच्या आधी एक भाऊ झाला होता. मोरू. दहा महिन्यांचा असताना आई त्याला मांडीवर घेऊन, मासळीच्या पाट्या घेऊन होडीतून ठाण्याच्या बाजूला चालली होती. रेती वाहणारा मोठा पडाव जवळून गेला. लाट अशी मोठी नव्हती; होडी एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे. आणि मोरू मांडीवर नव्हता. "तुज्या आजीनी इचारला तिला, लक्ष कुठं हुता तुजा? त्याच्यावर ती काय बोलली नाय. आजून नाय बोलली," गोदूबाई म्हणाली होती आणि नीलाच्या हातावर चण्याची पुडी ठेवली होती. आईने घरात मोरूचं नाव कधी घेतलं नाही. पोपटच्या वेळी नीला माहेरी बाळंतपणाला आली, तेव्हा नातवाला पायावर घेऊन न्हाऊ घालायला आईने गोदूबाईला बोलावलं. स्वतः फक्त पाणी ओतत राहिली. बारशाला कुंची घातली तीही लांबून हात पुढे करून. विमलाबाई घरी आल्यावर म्हणाल्याच होत्या, "तुझ्या आईला नातवाचं कौतुक दिसत नाही फारसं." नीला आईच्या बाजूने भांडली होती. आणि मनातून तिलाही तसंच वाटलं होतं. आईचं आपल्यावर प्रेम नाही, हे तिने लहानपणीच एकदा ठरवून टाकलं होतं.

घरासमोरच्या ओट्यावर बाप, नाथा, भिंतीला टेकून जाळं सांधत बसला होता. खाडीत आता मासळी राहिली नव्हती, पाण्यावर कधी तांबूस तर कधी काळा तवंग येई, पण लोकांची जाळी सांधायला तो अजून घ्यायचा. आई, आवडाबाई, सुक्या बोंबलांतले किडके वेगळे काढत होती. नीलाने पायरीवर बसून सगळं सांगितलं. हातगाडी, ब्रेक, टेंगूळ. आवडाबाईचा हात बोंबलांवर थांबला.

"मांडीवर हुता?"

"हो."

"दोनी हातांनी धरलेलास?"

"हो गं आई. घट्ट धरलेला. तरी गेला."

आवडाबाईने तिच्याकडे पाहिलं. इतकं सरळ तिने लेकीकडे कधी पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांभोवती उन्हाने आणि मिठाने बारीक जाळं विणलं होतं. मग ती खाली बघून पुन्हा बोंबील निवडायला लागली आणि म्हणाली, "मंग तुजा काय चुकला नाय."

एवढंच. खाडीवरून वारा आला, कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. नाथाच्या हातातली लाकडी सुई हवेतच राहिली होती. नीलाच्या घशातला काटा हलला. तीस वर्षं या बाईला हे वाक्य कोणीतरी म्हणायला हवं होतं. कोणी म्हटलं नाही, आणि ते तिने जपून ठेवून आज लेकीला दिलं. नीलाला वाटलं की उठून आईच्या कुशीत शिरावं. पण त्या घरात तशी रीत नव्हती. ती तिथेच बसून राहिली आणि रुमालाने नाक पुसत तिने पर्समधून तो कागद काढून बापाला दाखवला.

नाथाला इंग्रजी येत नव्हतं, मराठीही सहीपुरतं. पण चित्रं तो बराच वेळ न्याहाळत राहिला. पट्टा कुठून येतो, कुठे जातो, खांद्यावर किती, पायांमधून किती. तांबड्या फुलीवर त्याने अंगठा ठेवला आणि उचलला. "ह्ये तं सोपा हाय," तो म्हणाला. "दोरी नको. दोरी रुतंल पोराला. पट्टा इनतो. चार बोटं रुंद." आणि हातातलं जाळं बाजूला सारून त्याने जाड सुताचं भेंडोळं ओढलं.

रविवारी सकाळी फियाट कळव्याच्या ओट्याशी उभी राहिली तेव्हा अर्धा कोळीवाडा बघायला जमला. नाथाने खुर्ची मागच्या सीटच्या मधोमध ठेवली, सीटची पाठ उचलून मागची लोखंडी चौकट शोधली, आणि तिच्यातून दोरखंड ओवून खुर्ची अशी आवळली की गणेशने दोन्ही हातांनी हलवून पाहिली तर खुर्चीऐवजी गाडीच हलली. "सासरेबुवा, गाडी विकताना खुर्चीसकट विकावी लागणार," तो म्हणाला. मग हिरव्या सुताचा विणलेला पट्टा निघाला. चार बोटं रुंद, मऊ, कडेने दुहेरी. तो खांद्यांवरून, पोटावरून, दोन पायांमधून गेला, आणि पोटाशी ती गाठ बसली. नीलाने खांद्यापाशी बोट घालून पाहिलं. एकच बोट गेलं. पोपटने गाठीचं लोंबतं टोक बघून "दोई" म्हटलं. विमलाबाई खिडकीशी नऊवारीचा काष्टा सावरत बसल्या होत्या, त्या तोंड बाहेर वळवून म्हणाल्या, "पोराला जुंपलंय नुसतं. देवाला नेतोय की बाजाराला?" दुसऱ्या खिडकीशी आवडाबाई बसली, अंग चोरून. पुढची सीट सलग होती. तिथे गणेश, नाथा आणि मध्ये नीला. तिची मांडी रिकामी होती. रिकाम्या मांडीचं इतकं ओझं होतं की हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. तिने आरसा स्वतःकडे वळवला आणि त्यात पोपटला पाहत बसली. गणेशला मागचं काही दिसेना, पण त्याने आरसा परत वळवला नाही.

मुंब्र्याचा डोंगर उजवीकडून सरकत गेला की डावीकडून, ते तिला कळलं नाही. आरशात बघणाऱ्याला बाजू कळत नाहीत. आरशातला पोपट डोलत होता, त्याच्या मागे रस्ता मागच्या मागे वाहत होता, आणि गाडीच्या गुरगुरीत तिचे डोळे जड झाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी भरत येतंय, संथ, करडं. ट्रक पडावांसारखे डुलत जवळून जातायत. पोपट दोरीने बांधलेला आहे आणि झोपी जातोय, तिच्या तेव्हाच्या झोपेसारखाच. आणि दुसऱ्या टोकाला आई आहे, नेहमीसारखी. पण आईचा एक हात खुर्चीच्या कडेवर आहे. नीलाने डोळे उघडून पाहिलं. खरंच होता. बोटं पोपटच्या पायापासून वीतभर लांब, पण होता.

शिळफाट्यापुढे मोकळा रस्ता लागला आणि गणेशने जरा वेग घेतला. डोंबिवलीच्या अलीकडे एका म्हशीने कसलाही विचार न करता रस्ता ओलांडायचं ठरवलं. गणेशने ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दिला. टायर किंचाळले. नीला डॅशबोर्डावर आदळली, नाथाचा खांदा दाराला लागला, विमलाबाईंचं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर थाडकन आपटलं आणि त्यांच्या मांडीवरची नैवेद्याची पिशवी उडून गणेशच्या मानेवर आली. मागून मोठी किंकाळी आली. ती आवडाबाईची होती. एकच, लांब, जुनी. नीला वळली. आवडाबाईने डोळे गच्च मिटून घेतले होते आणि दोन्ही हात पुढे, हवेत, रिकामी कडी करून धरले होते. आणि तिच्या शेजारी, हिरव्या पट्ट्यात, पोपट जिथल्या तिथे होता. त्याने आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, त्याला हा खेळ वाटला आणि तो खदखदा हसायला लागला. "आत्," तो म्हणाला, म्हणजे ‘आणखी’.

म्हैस गेली. विमलाबाई कपाळ चोळत होत्या. तिथे सुपारीएवढं टेंगूळ येत होतं. त्यांनी पोपटकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं, मग पुढे वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "नाथाभाऊ, गावाहून ते पट्टे मागवून घेत्ये मी." आणि थोड्या वेळाने, "तोवर हे असू देत." आवडाबाईने हवेतले हात खाली घेतले. एक हात खुर्चीवरून पुढे गेला आणि पोपटचं पाऊल त्या मुठीत आलं. शहाडपर्यंत तिने ते सोडलं नाही.

नदीकाठी न्हावी येऊन बसला होता. पाट मांडला होता, वाटीत पाणी होतं, समोर उल्हास नदी उन्हात सुस्त पसरली होती. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर हवं. पोपटला सख्खा मामा नव्हता, म्हणून नीलाचा चुलतभाऊ गोमाजी परस्पर आला होता, नवा शर्ट घालून. पण पोपटने गोमाजीच्या मिशा पाहिल्या आणि तो धनुष्यासारखा वाकडा झाला. रडून रडून निळा. न्हाव्याने वस्तरा दोनदा जवळ नेला आणि दोनदा मागे घेतला. "पोरगं हलतंय ओ. हलणाऱ्या डोक्याला मी हात लावत नाय." गणेश म्हणाला, "खुर्चीच आणू का सोडवून?" विमलाबाई म्हणाल्या, "जावळ मांडीवरच व्हायला हवं." सगळे नीलाकडे पाहायला लागले. नीलाने आपल्या हातांकडे पाहिलं. ते पुढे होईनात.

तेव्हा आवडाबाई गाडीकडे गेली आणि तो हिरवा पट्टा घेऊन आली. गोमाजीला तिने खांद्याला हात लावून उठवलं. "याचा खरा मामा माज्या मांडीवरनं गेला," ती म्हणाली. तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही विहिणीसमोर, नदीच्या काठी. "त्याच्या जागी मी बसतंय." ती पाटावर मांडी घालून बसली, पाण्याकडे तोंड करून. पोपटला घेऊन मांडीवर ठेवला. मग पट्टा नवऱ्यापुढे धरला. "बांद."

नाथा गुडघ्यांवर बसला. त्याचे हात, जे कधी चुकत नसत, ते एकदा चुकले; त्याने गाठ सोडून परत घातली. पट्टा तिच्या पाठीमागून, पोपटच्या पोटावरून गेला. पोपटने ओळखीचं लोंबतं टोक पाहिलं, "दोई" म्हटलं आणि हुंदके देत देत शांत झाला. न्हाव्याने वस्तरा टेकवला. मऊ काळं जावळ आवडाबाईच्या पदरात पडत राहिलं. ती नदीकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळत होतं, पण हात पुसायला मोकळे नव्हते. ते कडी करून पट्ट्यावर होते.

डोकं गोटा झालं. टेंगळाची जागा आता फक्त पिवळसर दिसत होती. न्हावी वस्तरा धुवायला गेला, विमलाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या. नाथाने नीलाला खूण केली, की तू सोडव. नीला आईजवळ गेली, खाली बसली आणि तिने गाठीचं टोक हातात घेतलं.

"जाताना गारीत त्याला खुर्चीतच बसवायचा," आवडाबाई तिच्याकडे न पाहता म्हणाली. "कोन काय पन बोलू दे. गारीत खुर्ची. मांडी ही अशी, जमिनीवर."

"हो, आई."

नीलाने टोक खेचलं. एका हिसक्यात पट्टा सुटून पाटावर पडला. पोपट पडला नाही. तो होता तिथेच होता, आजीच्या छातीला आपलं गोल, गार डोकं टेकून, डोळे अर्धे मिटलेले. नीलाने त्याला घ्यायला हात पुढे केले.

"देते," आवडाबाई म्हणाली. "र्‍हाऊ दे जरा."

नीलाने हात मागे घेतले आणि ती पट्टा गुंडाळत आईच्या शेजारी बसून राहिली.